शाळेतल्या काउन्सेलर मॅडम की बाहेरचा काउन्सेलर?

माझा भाचा आठवीत, वर्गातली तीन-चार पोरं त्याला रोज चिडवायची, डबा लपवायची, मग रविवारी संध्याकाळीच त्याच्या पोटात गोळा यायला लागला आणि सोमवारी सकाळी उलट्या. ताईने आधी शाळेतल्या मॅडमना गाठलं.

शाळेतल्या मॅडमचा फायदा म्हणजे पैसे नाहीत आणि त्या वर्गशिक्षकांशी बोलून बाक बदलू शकतात, त्या पोरांच्या पालकांना बोलावू शकतात. हे बाहेरच्याला जमतच नाही. पण मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत जाताना सगळे बघतात ना! भाचा दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेलाच नाही.

बाहेरच्या काउन्सेलरकडे फी जाते, दर आठवड्याला एक तास काढावा लागतो. पण तिथे तो मोकळा बोलला. त्यांनी त्याला भीती एक ते दहा आकड्यात मोजायला शिकवलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, आणि एकदम वर्गात नाही तर आधी फक्त गेटपर्यंत, मग लायब्ररीपर्यंत असं पायरी पायरीने नेलं. गेटचा आकडा नऊवरून पाचवर आला तेव्हा ताई रडलीच.

माझं मत विचाराल तर भीतीसाठी बाहेरचा, पण त्रास थांबवायला शाळा हवीच, नाहीतर पोरगं शिकून परत त्याच वर्गात मार खायला जाणार. फी झेपत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.