सासूबाईंनाही विचारा: गरोदरपणातल्या बीपीचा अंदाज बांधायच्या तीन वाटा

ऐरोलीच्या माझ्या भाचीला दहावा आठवडा लागला आणि तिचा फोन आला. "मावशी, माझ्या वेळी आईचं बीपी वाढलं म्हणून आठव्या महिन्यातच सिझर केलं होतं ना? मग मी ती जनुकांची टेस्ट करून घेऊ, की एनटी सोनोग्राफीच्या वेळच्या रक्ततपासणीत भागेल?" नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं रिपोर्ट टाइप केले, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

प्रश्न प्रीएक्लॅम्प्सियाचा आहे. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं किंवा लिव्हर-किडनीवर ताण येतो. बिघाडाची सुरुवात मात्र बऱ्याचदा फार आधी, वार (प्लॅसेंटा) रुजतानाच झालेली असते. म्हणून अंदाज लवकर बांधता येतो. बांधायलाही लवकरच हवा, कारण रोज रात्रीची ॲस्पिरिनची छोटी गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते.

पहिली वाट नुसत्या प्रश्नांची. आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं का, आधीपासून बीपी, डायबेटिस, किडनीचा विकार किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार) आहे का? यातलं एक जरी "हो" असलं तरी ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या यादीप्रमाणे गोळी द्यायला तेवढं पुरे. पहिलंच बाळंतपण, वय चाळीस किंवा जास्त, खूप वजन, जुळी, आईला किंवा बहिणीला झालेला त्रास, ही मध्यम कारणं. ती दोन जमली की गोळी. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटांचं काम. पण नुसत्या यादीतून बऱ्याच जणी निसटतात.

दुसरी वाट ११ ते १४ आठवड्यांतली, एनटी स्कॅनच्याच भेटीत होणारी. यादीतली माहिती, दोन्ही हातांचं बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह पाहणारी डॉपलर सोनोग्राफी आणि रक्तातलं पीएलजीएफ हे वारेतून येणारं प्रथिन, असं सगळं एकत्र करून कॉम्प्युटर आकडा काढतो. इंग्लंडमध्ये सुमारे १६,७०० गरोदर बायकांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियापैकी यादीने ४१ टक्के पकडले, एकत्र तपासणीने ८२. २०१७ च्या ॲस्प्रे अभ्यासात याच पद्धतीने जोखमीच्या ठरलेल्यांना १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर अशा लवकरच्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियावर मात्र गोळीचा तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगून ठेवते.

रिपोर्टवर "१:८५" दिसलं की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच, की अशा ८५ जणींपैकी साधारण एकीला लवकरचा त्रास होईल. ॲस्प्रेमध्ये १:१०० ही रेघ होती, धोका त्याहून जास्त असेल ती जोखमीची. आकडा खरा यायचा तर फॉर्म नीट भरा: वजन, सोनोग्राफीवरून ठरलेले आठवडे, आयव्हीएफ असेल तर तेही. आणि बीपी! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत आलेल्या बाईचं दारातच मोजलेलं बीपी काय कामाचं? पाच मिनिटं टेकून बसू द्या म्हणून सांगा, हक्काने सांगा.

आता तिसरी, भाचीच्या मनात भरलेली. आधी एक घोळ मिटवते: डबल मार्कर किंवा एनआयपीटी या रक्ततपासण्या मुळात डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टींसाठी असतात, प्रीएक्लॅम्प्सियाची जनुकं त्यात पाहत नाहीत. त्याची जनुकं शोधणारं काम वेगळं चालू आहे. २०१७ मध्ये बाळाच्या जनुकांत, एफएलटी१ या जनुकाजवळ, धोक्याशी जोडलेला बदल सापडला. २०२३ मध्ये आईच्या अनेक जनुकांची बेरीज करून धोका मोजायचा प्रयत्नही छापून आला. घराण्याचा वाटा मोठा आहेच, पण तो शेकडो बारीक बदलांत विखुरलेला, आणि वार बाळाची असल्याने त्यात बापाची जनुकंही असतात. म्हणजे नुसत्या आईचं रक्त तपासलं तर अर्धी पत्रिका पाहिल्यासारखं. शिवाय रिपोर्ट काहीही आला तरी हाती येणार तीच गोळी. आज त्यावर पैसे घालू नये असं माझं मत.

म्हणून भाचीला सांगितलं, दुसरी वाट धर. तशी यादीतही तू बसतेसच: पहिलटकरीण, त्यात आईचा इतिहास. आकड्यात धोका कमी दिसला तर गोळीचं काय ते डॉक्टर ठरवतील, ॲसिडिटी-अल्सर आणि औषधाची ॲलर्जी विचारून. मनाने सुरू करू नकोस. आणि आकडा कितीही चांगला आला तरी दर भेटीत बीपी-लघवी चुकवायची नाही. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत तपासणी मोफत असते. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं किंवा चेहरा एकदम सुजला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

शेवटी म्हटलं, सासूबाईंनाही विचार. संध्याकाळी परत फोन. "मावशी, हे सातव्या महिन्यातले! त्यांचेही पाय सुजले होते, बीपी उतरेना म्हणून घाईने सिझर केलं." त्या फॉर्ममध्ये आईच्या त्रासाचा रकाना असतो, सासूच्या नाही. म्हटलं, फाइलच्या पहिल्या पानावर पेनने लिही आणि डॉक्टरांना दाखव.