अथेटा ओळखायचाय: सुई धरावी की डीएनए काढावा?

पाचोळा चाळला की अथेटा हा बारका भुंगेरा पांढऱ्या ताटात हमखास पळतो: अडीच-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पंखकवचं आखूड, पोटाचं टोक विंचवासारखं वर. तो ॲलिओकॅरिनी उपकुळातला; हे भुंगेऱ्यांच्या स्टॅफिलिनिडी कुळातलं उपकुळ. त्यात १६ हजारांवर जाती, आणि अथेटा व तिचे भाऊबंद त्यातले ओळखायला सगळ्यात छळवादी. पुढच्या पावलाला ४ पेरी, मधल्या-मागच्यांना ५ पेरी, इथवर सूक्ष्मदर्शकाखाली जमतं. जातीपर्यंत जायचं तर खरा प्रश्न पुढे आहे.

सुईची वाट स्वस्त आहे, पण हात बसायला वेळ लागतो. पोटाच्या टोकातून नराचं जननेंद्रिय काढायचं, कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात स्वच्छ करायचं आणि मधल्या नळीचा बाक बाजूनं पाहायचा. मादीची वळणदार शुक्रपिशवीही बोलकी असते. माझे पहिले वीसेक नमुने सरळ फाटले. पण नाव हवं असेल तर याला पर्याय नाही. ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेच्या मालिकेत माल्कम कॅमेरॉनने १९३९ साली या उपकुळावर खंड लिहिला. त्याची वर्णनं मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांची आहेत, आणि त्याचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. म्हणजे तुमची आकृती तिथल्या मूळ नमुन्याशी ताडावी लागणार.

डीएनए बारकोड, म्हणजे जाती जुळवायला वाचलेला डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा, स्वतःहून नाव देत नाही, जोड्या लावून देतो. हा नर, ती मादी, ती अळी एकाच जातीची दिसतात, हे कळतं. अळ्या हातात असतील तर हाच मार्ग. मात्र जुळवायला संदर्भ-नमुनाच नसेल तर हाती येतो नुसता क्रमांक.

निवड खरं तर बाटली भरतानाच होते. ७० टक्के अल्कोहोलात किडा मऊ राहतो, पण डीएनए लवकर खराब होतो. ९६ टक्क्यांत डीएनए टिकतो, पण किडा काडीसारखा कडक होतो आणि सुई लागताच मोडतो. मी आता ९६ टक्केच भरतो. अख्खा किडा प्रोटिनेज-के या प्रथिनं पचवणाऱ्या विकरात ५६ अंशांवर रात्रभर ठेवला की मांस विरघळतं, डीएनए द्रावात उतरतो, कवच उरतं आणि जननेंद्रिय आयतंच स्वच्छ मिळतं. पोटॅश वाचतो.

डीएनएच्या नळीवरचा आणि जननेंद्रियाच्या स्लाइडवरचा क्रमांक तेवढा एकच ठेवा. मी एकदा चुकलो, आणि त्या खेपेची अकरा जननेंद्रियं अजून डबीत बेवारस पडून आहेत.