कोपऱ्याचा स्टॉल, 13,750 रुपयांचा

लिहायची लाज वाटते, पण दिवाळीची प्रदर्शनं तोंडावर आहेत म्हणून लिहितोय. गेले 13,750 रुपये.

छत्तीस वर्षं कंपनीत टर्नर होतो. निवृत्तीनंतर घरी छोटा लेथ घेतला आणि आंब्या-फणसाच्या लाकडाच्या वाट्या कातायला लागलो. फणसाचा पिवळा रंग पॉलिशनंतर काय खुलतो! एक वाटी 350 ला. ओळखीत विकून विकून किती विकणार? म्हणून व्हॉट्सॅपवर दादरच्या हस्तकला मेळ्याचं पोस्टर आलं तेव्हा लगेच फोन लावला.

माणूस गोड. ‘काका, कोपऱ्याचा एकच स्टॉल उरलाय, तुमच्यासाठी धरून ठेवतो.’ पुढचं तुम्हाला माहीतच आहे. भाडं 9,500, मग अनामत 3,000, मग टेबल आणि लाईटचे 1,250. तिन्ही वेळा पिन मीच टाकला.

पहिल्याच वेळी फोनवर नाव आलं ते भलत्याच बाईचं. ‘आमच्या अकाउंटंट मॅडम,’ म्हणाला. बरं म्हटलं. पावती आली, तिच्यावर जीएसटी नंबर. तो 15 अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. हा 07 ने सुरू झालेला, आणि अक्षरं 14! वाटीच्या काठाला व्हर्नियर लावणारा माणूस मी, मला चौदा अक्षरं मोजता आली नाहीत. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की नाव दिसतं, लॉगिनही लागत नाही. पण मी तेव्हा 64 वाट्यांना मेण चोळत बसलो होतो. आणि खरं सांगतो, पोस्टर इतकं नीट होतं, स्टॉलचा नकाशासुद्धा होता, कोणीही फसलं असतं.

नवव्या दिवशी सामान किती वाजता उतरवायचं ते विचारायला हॉलवर फोन केला. ‘त्या दिवशी आमच्याकडे लग्न आहे. आणि तुम्ही आजचे चौथे.’ हा फोन पैसे भरायच्या आधी करा.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला. पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, नऊ दिवसांत त्या बाईचं खातं रिकामं झालेलं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. मग ‘हॉल मुंबईत ना? तिकडे तक्रार द्या.’ अहो, पैसे माझ्या स्वयंपाकघरातून गेले! हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. हे मी सांगितलं तर साहेब हसले, म्हणे ‘वकील आहात का?’ दुसऱ्यांदा गेलो तर ते साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळाला, एवढंच. ऑनलाईन तक्रारीची स्थिती महिनाभर ‘प्रक्रियेत’. तेरा हजार म्हणजे त्यांच्या लेखी चिल्लर असेल. माझ्या चाळीस वाट्या आहेत त्या.

स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं.

नंबर अजून चालू आहे. काल स्टेटसला नवं पोस्टर होतं, नाताळ मेळा, ठाणे. कोपऱ्याचा एकच स्टॉल शिल्लक आहे म्हणे.