पबजवळ रात्री बोट बांधायचं सामान: हुक, चेन आणि व्हीलबॅरोची चाकं, दोन वर्षांच्या ऑक्टोबर ट्रिपनंतर

मागच्या वर्षी ऑक्टोबरमधली गोष्ट. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर युनियन कॅनॉलवर नोझल गावात (स्पेलिंग जी-एन-ओ असं सुरू होतं पण म्हणतात नोझल) आम्ही पबमध्ये बसलो होतो, जेवण नुकतंच टेबलावर आलं होतं, मी चिप्सवर व्हिनेगर घालत होते, तेवढ्यात एक माणूस कुत्र्याला घेऊन आत आला आणि मोठ्यांदा विचारलं, ती हिरवी बोट कुणाची, ती आडवी झालीय. ताट तसंच टाकून पळालो. मागचा दोर धरून होता पण पुढचा हुक निसटलेला, आमची सत्तावन्न फुटांची, आत राहायची सोय असलेली बोट फिरून नाक पलीकडच्या झुडपात आणि सगळा कॅनॉल बंद. बाबा, म्हणजे माझे सासरे, बोटीच्या आत दिव्याखाली पुस्तक वाचत होते, त्यांना पत्ताच नाही, कारण बोट सरकते तेव्हा आवाज म्हणून होत नाही. नवरा आणि तो कुत्रावाला माणूस दोघांनी मधल्या दोराने ओढून आणली, मी टॉर्च धरून उभी, हात थरथरत होते. मुलगी सहा वर्षांची आहे हो. ती बोटीवर एकटी झोपलेली असती आणि आम्ही शंभर पावलांवर पबमध्ये असतो तर, हा विचार अजून जात नाही.

तर हा रिव्ह्यू त्या हुकपासून सुरू.

आमची बोट म्हणजे भागीदारीतला बारावा हिस्सा, वर्षाला चार आठवडे मिळतात, त्यातला एक आम्ही मुद्दाम ऑक्टोबरचा घेतो कारण तो स्वस्त पडतो आणि दिवाळीच्या आसपास असला तर फराळाचा डबा घेऊन निघता येतं. बोटीवर आधीपासून काठाच्या जमिनीत ठोकायच्या दोन लोखंडी पिना आणि हातोडा होता. हुकची जोडी मी मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये घेतली, साधारण दहा पौंडाला, आणि सप्टेंबरपर्यंत मी त्याचं कौतुकच करत होते, मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटोसकट. काठाला जिथे नालीदार पत्र्याची पायलिंग असते तिथे पत्रा आणि त्याच्यावरची आडवी पट्टी यांच्यामध्ये फट असते, त्या फटीत हुक सरकवायचा, दोर ओढायचा, झालं, दहा सेकंदांचं काम. पिना ठोकायला नकोत, चिखल नको, सकाळी उपटताना पाठ नको.

पण हुक धरून असतो तो फक्त दोराच्या ताणावर. ताण गेला की हुक वर सरकतो, आणि शेजारून कुणी जोरात बोट नेली की पाणी तुमच्या बोटीला पुढे-मागे ओढतं, दोर सैल पडतो, ताणला जातो, परत सैल, आणि एखाद्या वेळी हुक फटीतून बाहेर. आणि हा कॅनॉल त्यासाठी फार वाईट, कारण व्हीटन ॲस्टनच्या लॉकपासून टर्लीच्या लॉकपर्यंत १७ मैल एकही लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी पाण्याची दारं) नाही. टेलफर्ड या इंजिनिअरने डोंगर कापून आणि भराव घालून सरळ रेषेत काढलेला कॅनॉल आहे, १८३५ मध्ये सुरू झाला. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि बांधलेल्या बोटींजवळून तर अगदी हळू जायचं असतं, पण मध्ये थांबवायला काहीच नसल्यामुळे अंधार पडायच्या आत पोचायच्या घाईत लोक इंजिन कमीच करत नाहीत.

त्या रात्री पुढचा दोर बाबांनी बांधला होता. बाबा दाभोळचे, लहानपणापासून होड्या बघितलेल्या, गाठ त्यांची माझ्यापेक्षा दहापट चांगली. पण खाडीत दोर सैल ठेवायचा असतो, ओहोटीला होडी खाली जाते, घट्ट बांधली तर लटकेल. त्यांचा हात त्याच सवयीने गेला. कॅनॉलला भरती-ओहोटी नाही, इथे सैल दोर म्हणजेच धोका. ते दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते, मग म्हणाले, "अगं, हे पाणी हलत नाही, हलतात त्या दुसऱ्या बोटी. तुझं लोखंडच बदलायला हवं." आणि त्याच दिवशी वाटेतल्या चँडलरीतून, म्हणजे बोटीच्या सामानाच्या दुकानातून, चेनची जोडी घेतली, हुकच्या जवळजवळ दुप्पट पैसे देऊन, त्यांनीच दिले.

चेन म्हणजे हातभर लांब साखळी, एका टोकाला मोठी रिंग, दुसऱ्याला छोटी. आडव्या पट्टीच्या मागून खाली सोडायची, खालून टोक पकडून वर आणायचं, छोटी रिंग मोठीतून ओवायची आणि छोटीत दोर. ही निसटूच शकत नाही, दोर कितीही सैल झाला तरी. यावर्षी एप्रिल, जून आणि ऑगस्ट तिन्ही वेळा वापरली, एकदाही रात्री उठून बघायला जावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये मी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की हुक कुणीही घेऊ नका, फेकून द्या.

आता ऑक्टोबरची ट्रिप करून आलोय, आणि तेवढं वाक्य मी काढून टाकलंय.

कारण चेनची खरी परीक्षा थंडीत होते. संध्याकाळी साडेपाचला, ओल्या गवतावर गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, पट्टीच्या मागे बोटांनी चेनचं टोक शोधायचं, दिसत काहीच नाही, पाण्यावर पानांचा थर. पहिल्याच दिवशी माझ्या हातातून एक चेन पाण्यात गेली. मॅग्नेट दोराला बांधून अर्धा तास शोधली, मिळाली, पण तोवर अंधार पूर्ण झाला होता. आता दोन्ही चेनच्या मोठ्या रिंगला पिवळी नायलॉनची दोरी बांधलीय, ती आधी बोटीच्या कठड्याला अडकवायची आणि मग खाली वाकायचं. आणि हुक ठेवलेत, दुपारच्या जेवणापुरते, जेव्हा बोटीवर कुणीतरी जागं असतं. रात्रीला चेन. पायलिंग नसेल तर पिना, तिरक्या ठोकून, डोकं बोटीपासून लांबच्या बाजूला झुकलेलं.

आता चाकांचं. श्रॉपी (या कॅनॉलचं लाडकं नाव) वापरणाऱ्यांना माहीतच असेल, या कॅनॉलला पाण्याखाली काठालगत एक कट्टा आहे, त्याला श्रॉपी शेल्फच म्हणतात. बोट काठाला लागतच नाही, फूट-दीड फूट लांब राहते, आणि बोटीचा तळ त्या कट्ट्यावर आपटत राहतो. दिवसा कळत नाही. रात्री उशाला कान लावला की ठक, मग थोड्या वेळाने ठक ठक, लोखंडावर दगड. पहिल्या वर्षी मी तीन रात्री झोपले नव्हते. इलाज म्हणजे व्हीलबॅरोची हवा भरलेली छोटी चाकं, दोर बांधून बोट आणि काठ यांच्यामध्ये अर्धी पाण्यात सोडायची, बोट तेवढीच लांब धरली जाते आणि आवाज बंद. दोन चाकं जुन्या सामानाच्या विक्रीत सहा पौंडाला मिळाली. या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त सुख कशाने दिलं असेल तर या दोन चाकांनी, आणि हे मी आवाजामुळेच म्हणत नाही.

यावर्षी नोझलला चार वाजता पोचलो तर काठावर बोट बांधायच्या रिंगांच्या सगळ्या जागा भरलेल्या. मागच्या वर्षी अशा वेळी आम्ही पुढच्या पबची आशा धरून निघालो असतो. पण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो (शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की पावणेपाचलाच), त्यात प्रोपेलरला पानं गुंडाळली जातात, इंजिन जड होतं, दर थोड्या वेळाने रिव्हर्स मारून झटकावी लागतात, म्हणजे नकाशावर दिसणारा तास दीड तासाचा होतो. मग आम्ही जरा पुढे गेलो, पायलिंग दिसली, चेन लावल्या, चाकं सोडली आणि टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं चालत पबला आलो. टोपाथच्या (काठाने जाणाऱ्या पायवाटेच्या) बाजूला पाटी नसेल तर साधारण कुठेही १४ दिवसांपर्यंत बांधता येतं, वळण, पुलाचं तोंड, बोट वळवायची जागा, लॉकसाठी थांबायचे खांब आणि पाण्याचा नळ एवढं सोडलं की झालं. रिंग हवीच असं काही नाही. चाकं नसती तर त्या जागी शेल्फमुळे रात्र काढता आली नसती, म्हणून रिंगांच्या मागे लागावं लागत होतं. हे मला दुसऱ्या वर्षी समजलं.

उलट पबच्या दारातल्या जागेचा अनुभव सांगते. एका पबचा स्वतःचा काठ आहे, नाव लिहीत नाही, फोनवर म्हणाले या, जेवणाऱ्यांना जागा फ्री. आम्ही तीन वाजताच जाऊन बांधली. साडेसातला आत गेलो तर किचन सातला बंद झालेलं, आणि जेवण नाही म्हणून बांधायचे दहा पौंड मागितले. फोनवर किचनची वेळ मीच विचारायला हवी होती असं तो म्हणाला. दिले दहा पौंड, बोटीवर येऊन मुगाची खिचडी लावली, चकल्या होत्याच, पण राग आला तो आलाच, अजून आहे. शरदात आठवड्याच्या मधल्या दिवशी किचन लवकर बंद होतात आणि सोमवारी बरेचदा पूर्ण बंद असतात, त्यामुळे दुपारीच फोन करा आणि जागेच्या आधी किचनचं विचारा.

टर्लीच्या वर वूडसीव्ह्सचं कटिंग खडकात खोदलेलं आहे, अरुंद, वरून झाडं मिटलेली, तिथे मुक्कामाचा विचारच करू नका, चार वाजता आत शिरू नका. आम्ही ते सकाळी केलं, टर्लीची पाच लॉक उतरून मार्केट ड्रेटनला थांबलो, बुधवार होता, बाजारातून मेथी नाही पण चांगला पालक मिळाला, पब गावात आहेत, चालत जायचं. मग ॲडरलीची पाच, ऑडलमची पंधरा. ऑडलमला श्रॉपी फ्लाय नावाचा पब अगदी लॉकला लागून आहे, फ्लाय म्हणजे घोडे बदलत रात्रंदिवस चालणाऱ्या जलद मालबोटी. लॉकच्या ओळीत मध्येच रात्र काढायची तर जागा मोजक्याच, तिथे आम्ही सकाळी दहाला वरून निघून दोनच्या आत पोचलो म्हणून मिळाली. बाबांनी दोर बांधला, घट्ट, एकदा पायाने दाबून बघितला, आणि रात्री जेवून परत येताना न सांगता टॉर्च मारून दोन्ही चेन बघून आले.

एका चाकाची हवा आता उतरतेय, व्हॉल्व्हपाशी चीर आहे. भरीव फोमचं मिळतं, पण एकच अठरा पौंडाला, त्यामुळे आधी सायकलवाल्याकडून ट्यूब बदलून बघणार आहे, एप्रिलपर्यंत वेळ आहे.