विकिपीडिया : नेत्यांच्या जोडीदारांच्या नोंदी

नात्यामुळे कोणी आपोआप उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र लेखास पात्र, ठरत नाही, हा इंग्रजी विकिपीडियाचा संकेत मला मान्य आहे. एलिनोर रूझवेल्ट यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद भूषवले असल्याने, पती फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नसते तरी त्यांची नोंद समर्थनीयच ठरली असती. डेनिस थॅचर उद्योजक होते. तरीही १९७९ ते १९९० या काळात ब्रिटनच्या पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर यांचे पती नसते, तर त्यांच्यावर एवढे लेखन झाले असते का, याची मला शंका आहे. मात्र स्वतंत्र स्रोतांत सविस्तर दखल हवी, ही अट जुन्या पिढीतील पत्नींना जाचक ठरते, कारण वृत्तपत्रे त्यांचे नावही क्वचितच छापत. तिथे संपादकांनी चरित्रे व पत्रव्यवहार धुंडाळावेत. केवळ लग्नाची तारीख असलेली नोंद पतीच्या लेखात विलीन करावी.