राइड-ऑन मॉवरचा मागचा सायलेन्सर: कंपनीचं गार्ड, फॅब्रिकेशनचा बंपर की जाळी?

पाचगणीतल्या शाळांची मैदानं, महाबळेश्वरची रिसॉर्ट्स, सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद किंवा विलिंग्डनसारखी मोठ्या झाडांची आवारं, साखर कारखान्यांच्या बागा. अशा जागी गवत कापायला बसून चालवायची गाडी घ्यायची ठरली की चर्चा होते डेक, म्हणजे खालचं पात्यांचं कव्हर, किती इंची आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं याची. गाडीच्या मागे उघड्यावर असलेल्या सायलेन्सरचा विषय निघतो तो एखाद्या सिल्व्हर ओकला किंवा जांभ्याच्या भिंतीला ठोकर बसल्यावरच. मग कुणी म्हणतं कंपनीचं गार्ड मागवा, कुणी म्हणतं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नेऊन बंपर करून घ्या, कुणी म्हणतं जाळी ठोका आणि विषय संपवा. हे तिन्ही उपाय एकाच तोलाचे नाहीत.

आधी आपली गाडी कोणती ते बघा. ज्या लॉन ट्रॅक्टरचं इंजिन पुढे बॉनेटखाली असतं, त्याचा सायलेन्सरही बहुतेक वेळा पुढेच असतो, त्यामुळे मागच्या धडकेचा हा प्रश्न त्याला लागू नाही. दोन लिव्हरवर चालणाऱ्या, जागच्या जागी वळणाऱ्या झीरो टर्नमध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसतं आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी येतो. हस्कवर्ना कंपनीच्या रायडर प्रकारात डेक पुढे, इंजिन मागे आणि गाडी मधून मुडपून वळते. या दोन्ही प्रकारांत वळताना शेपूट बाहेर फेकलं जातं, आणि खरी मेख तिथेच आहे.

झीरो टर्न वळतो तो मागच्या दोन चाकांच्या मधल्या बिंदूभोवती. तोंड डावीकडे गेलं की मागचा भाग उजवीकडे सरकतो. ड्रायव्हर झाडाला उजवीकडे ठेवून अगदी कडेनं गवत कापतो, डेक झाडापासून सुटला की लिव्हर ओढून डावीकडे वळतो, आणि त्याच क्षणी शेपूट खोडाकडे जातं. त्याची नजर पुढे असते. रिव्हर्स घेताना माणूस निदान मान वळवून बघतो, इथे तेही होत नाही. म्हणून गार्ड विकत घेताना किंवा करून घेताना नुसती पाठ झाकून भागत नाही, मागचे दोन्ही कोपरे झाकले पाहिजेत. बाजारात दिसणारा सरळ आडवा दांडा कोपऱ्यावर काहीच करत नाही.

धडक किती जोराची असते? गाडी ३०० किलो आणि ड्रायव्हर ७५ किलो धरा, म्हणजे ३७५ किलो. वेग ताशी फक्त ४ किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो त्याहून थोडा कमी. हे वजन भिंतीला लागून २ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी जोर बाराशे किलोच्या घरात जातो. तीच गाडी ५ सेंटिमीटरमध्ये थांबली तर जोर पावणेपाचशे किलोवर येतो. आणि सायलेन्सर कशावर उभा असतो? सिलिंडर हेडला धरणाऱ्या दोन-दोन स्टड किंवा बोल्टवर, जमल्यास एखाद्या ब्रॅकेटवर. हेड अॅल्युमिनियमचं. शेवटच्या टोकाला धक्का बसला की पूर्ण पाईप तरफेसारखा काम करतो आणि सगळा ताण त्या स्टडवर येतो. सायलेन्सरला पोचा पडणं हे सगळ्यात स्वस्त नुकसान. स्टड मोडला, हेडमधले आटे गेले किंवा फ्लँजजवळ, म्हणजे पाईप हेडला जोडणाऱ्या चपट्या कडीजवळ, वेल्डिंगला चीर गेली, तर गॅस्केटमधून तापलेला वायू बाहेर पडायला लागतो. आवाज फटफट होतो ते सोडा, तो वायू वायरिंगवर, पट्ट्यावर किंवा प्लॅस्टिकच्या पेट्रोल टाकीवर सुटला तर प्रकरण आगीपर्यंत जातं. बंद शेडमध्ये अशी गाडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

या हिशोबातून एक गोष्ट पक्की होते. जे काही लावाल ते सायलेन्सरला किंवा इंजिनला लावू नका, चेसिसला लावा. इंजिन थरथरतं, चेसिस तितकी थरथरत नाही. इंजिनवर अडकवलेलं गार्ड धक्का तर थेट हेडपर्यंत पोचवतंच, शिवाय रोजच्या थरथरीनं स्टड ढिले करतं.

कंपनीचं गार्ड

गाडी वॉरंटीत असेल तर माझं मत सरळ आहे: आधी डीलरकडे याचीच चौकशी करा. चेसिसवरची भोकं जुळलेली असतात, इंजिनाच्या हवेचा विचार झालेला असतो, ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगपर्यंत हात जाईल अशी सोय असते, आणि वॉरंटीच्या वेळी कुणी बोट दाखवू शकत नाही.

पण एक फसगत इथे होते. गाडीवर आधीपासून सायलेन्सरभोवती भोकांचा पातळ पत्रा असतो आणि त्यालाच बरेच जण गार्ड समजतात. तो माणसाचा हात किंवा पोटरी भाजू नये म्हणून असतो, धडकेसाठी नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असताना तो पत्रा धरून हलवा. सायलेन्सर बरोबर हलला, तर ते उष्णतेचं आवरण आहे. काहीच हललं नाही आणि बोल्ट चेसिसमध्ये गेलेले दिसले, तर तो बंपर. डीलरशी बोलताना "मागचा बंपर, चेसिसवर बसणारा" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर तोच पत्रा पुन्हा पाकिटातून येईल.

तोटा म्हणजे किंमत आणि वाट बघणं. पार्ट परदेशातून यायचा असेल आणि जूनचा पाऊस तोंडावर असेल, तर गवत तुमच्यासाठी थांबणार नाही.

आपल्याकडच्या फॅब्रिकेटरकडून बंपर

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी मी हाच पर्याय निवडेन. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ट्रॉली, नांगर आणि शेती अवजारं करणाऱ्या कारागिरांच्या हाताखालून याहून अवघड कामं रोज जातात. फक्त सांगणारा माणूस नेमकं सांगणारा हवा.

माल एक इंची मीडियम, म्हणजे बी क्लास काळा पाईप पुरेसा आहे. त्याचं वजन मीटरला साधारण अडीच किलो भरतं. दोन आडवे दांडे, कोपऱ्यावरून पुढे वळवलेले, आणि चेसिसला दोन जाड पट्ट्या, यात तीनेक मीटर पाईप जातो. सगळं मिळून आठ-नऊ किलो. ४० बाय ५ चा अँगल मीटरला तीन किलो. फरक थोडा वाटतो, पण अँगल हातात आला की कारागीर सवयीनं पिंजराच बनवतो आणि वजन वीस किलोवर जातं. त्यातून अँगलच्या उघड्या धारा झाडाची साल सोलतात. गोल पाईप खोडाला घासून निघून जातो.

वजनाचा आग्रह उगाच नाही. हे लोखंड मागच्या चाकांच्या मागे लटकतं. पुढची-मागची चाकं १२० सेंटिमीटर अंतरावर आणि बंपरचं वजन मागच्या चाकांपासून ६० सेंटिमीटर मागे धरलं, तर २० किलोचा पिंजरा पुढच्या चाकांवरचा १० किलो भार उचलून घेतो. सांगलीच्या सपाट मैदानावर हे जाणवणारही नाही. पाचगणीच्या उतारावर चढाला तोंड करून गाडी चालवताना पुढची चाकं हलकी पडणं ही जिवाची गोष्ट आहे. राइड-ऑन मॉवर १० ते १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका असं मॅन्युअलमध्ये साधारणपणे लिहिलेलं असतं, ते अशाच कारणांसाठी. डोंगराळ जागेसाठी हलका बंपर करा, किंवा कंपनीचाच घ्या.

सायलेन्सरच्या शेवटच्या टोकापासून दांडा निदान ७५ ते १०० मिलिमीटर बाहेर हवा. वर हिशोब केला तो आठवा: दांडा वाकायला जागा मिळाली की धक्का निम्म्याहून कमी होतो. म्हणून फार कडक बंपरही नको. थोडा वाकला तर वाकू द्या, तो बदलता येतो, इंजिनाचं हेड नाही. दांड्याची उंची तुमच्या आवारात काय आहे त्यावर ठरवा. फुटपाथाचे कर्ब असतील तर एक दांडा खाली घ्या. खोडं, खांब आणि क्रिकेटच्या साइटस्क्रीनची चौकट यांसाठी सायलेन्सरच्या मध्यरेषेवरचा दांडा महत्त्वाचा.

नट-बोल्टचं एक सांगून ठेवतो, कारण हे बहुतेक ठिकाणी चुकतं. सायलेन्सरजवळ नायलॉक नट वापरू नका. त्यातली नायलॉनची रिंग साधारण १२० अंशांपर्यंतच टिकते आणि सायलेन्सरचा पत्रा त्याच्या कितीतरी पट तापतो. तिथे डबल नट, स्प्रिंग वॉशर किंवा पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाईपही नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो, आणि गंज थांबवणारा थर सांध्यावर जळून जातो तो जातोच. काळा पाईप घ्या आणि सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक रंग मारा. साधा ऑइल पेंट आतल्या बाजूला जळून पापुद्रे सुटतील. महाबळेश्वरात, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे दर मोसमाआधी पुन्हा एक हात द्यावाच लागेल. पाईपची टोकं बंद करा आणि खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोक ठेवा. नाहीतर तो आतून सडतो.

वेल्डिंग गाडीवर करू देऊ नका. मापाला टॅक, म्हणजे जागा धरणारे छोटे टाके, मारायचेच असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोल टाकीपासून लांब राहा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. पूर्ण वेल्डिंग बंपर उतरवून टेबलावर. बंपर बोल्टनं काढता-घालता आला पाहिजे. ऑइल बदलायला दरवेळी ग्राइंडर लागला तर दुसऱ्या सर्व्हिसनंतर तो कोपऱ्यात पडून राहील.

जाळी किंवा पत्र्याची पेटी

हा पर्याय स्वस्त आहे, लगेच होतो, आणि मी तो कुणालाही सुचवणार नाही. ही इंजिनं हवेवर गार होतात. फ्लायव्हीलचा पंखा वरून हवा ओढतो, इंजिनाच्या फिन्सवरून, म्हणजे गार होण्यासाठीच्या पातळ पट्ट्यांवरून, नेतो आणि गरम हवा सायलेन्सरच्या आसपासच बाहेर पडते. तिथे पेटी बसवली की हवेची वाट अडते. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात त्या इंजिनाचे हाल होतात.

जाळीचा दोष वेगळा. पावसाळ्यात ओलं गवत जाळीत अडकून थर बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो खडखडीत वाळतो, आणि काही शे अंश तापलेल्या सायलेन्सरपासून बोटभर अंतरावर ती वाळकी गंजी असते. धडकेपासून संरक्षण मागायचं आणि आगीला आमंत्रण द्यायचं, हा सौदा कशासाठी? शाळेच्या मैदानावर मुलांचे हात भाजू नयेत म्हणून आवरण हवंच असेल, तर मोठ्या भोकांचा पत्रा फक्त वरच्या बाजूला, इंचभर अंतर सोडून लावा. खाली आणि मागे मोकळं ठेवा. आणि त्याच्यावर धडकेची जबाबदारी टाकू नका.

सायलेन्सरच आत घेणं

द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर मांडवाच्या तारांना लागू नये म्हणून खाली घेतलेला अनेकांनी पाहिला असेल, त्यामुळे इथेही तसंच करू असं सुचतं. पण तिथे तो मुळातच तसा बनवलेला असतो. मॉवरवर पाईप वळवून लांबवला की स्टडवरचं वजन वाढतं, एक्झॉस्टचा मागचा दाब बदलतो आणि गरम वायूचं तोंड गवताकडे किंवा टाकीकडे फिरण्याची भीती असते. मोडलेला सायलेन्सर बदलायचाच असेल तरी मूळ जागीच बसवा.

लोखंडाआधी करायची गोष्ट

ज्या आवारात झाडं दाट आहेत तिथे बंपरपेक्षा जास्त उपयोग होतो तो झाडाभोवती दीड-दोन फुटांचं आळं मोकळं ठेवण्याचा. गवतच नसेल तर गाडी खोडाला चिकटून न्यायचं कारण उरत नाही. कडेचं गवत ब्रशकटरनं काढा, त्याची दोरी खोडाच्या सालीला लागू देऊ नका. आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरू नका, तापलेली गाडी त्याच्या शेजारून जाते. शेणखत किंवा कुजलेलं कंपोस्ट चालेल. भिंतीलगत चुन्याची एक पट्टी मारून त्या पलीकडे गाडी न्यायची नाही असं ड्रायव्हरला सांगता येतं. चालवणारा एकच आणि सरावाचा माणूस असेल तर सपाट मैदानावर एवढ्यावर भागतं. हंगामी कामगार बदलत असतील तर भागत नाही, तिथे बंपर लागेलच.

उतार असेल आणि वॉरंटी चालू असेल तर कंपनीचं गार्ड, ते येईपर्यंत आळी आणि चुन्याच्या पट्ट्या. सपाट जागा, जुनी गाडी आणि तीन-चार हातांनी चालणारी असेल तर कुपवाडचा पाईप-बंपर. मागे गवताची पिशवी किंवा ओढायची ट्रॉली लावत असाल तर कारागिराकडे जाताना तीही घेऊन जा. नाहीतर बंपर सुंदर होईल आणि पिशवी बसणार नाही.

बसवल्यावर गाडी अर्धा तास पूर्ण कामाला लावून बघा. रंग कुठे फुगला, कुठे काळवंडला यावरून उष्णता कुठे अडते आहे ते कळतं, त्या जागी दांडा थोडा बाहेर घ्या. पहिल्या आठवड्यात इंजिन गार असताना बंपरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि त्याच हातानं सायलेन्सरचे स्टडही तपासा. आधीच्या एखाद्या ठोकरीनं ते ढिले झालेले असतील तर ते नव्या बंपरच्या आड लपून राहतील.