ग्रॅज्युएटेड फिल्टर की ब्रॅकेटिंग? गंगापूर धरणावरचा हिशोब

भाचा विचारत होता, मामा, बॅकवॉटरला संध्याकाळी फोटो काढला की आकाश पांढरंफटक नाहीतर काठ काळाकुट्ट, फिल्टर घेऊ का? म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर, लेन्सपुढे लावायची वरून काळपट आणि खाली स्वच्छ काच.

दुसरा उपाय ब्रॅकेटिंग, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात टिपून ते फोटो नंतर जोडायचे. खर्चात ब्रॅकेटिंग जिंकतं, कॅमेऱ्यात असतंच. -2, 0, +2 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) असे 3 फोटो, ट्रायपॉड हवा. पण घरी येऊन ते जोडत बसायचं, आणि वारा असला की लाटा आणि गवत तिन्ही फोटोंत वेगळीकडे, जोडल्यावर गवताच्या पात्याला दोन-दोन टोकं दिसतात, बगळा उडाला तर विचारूच नका.

फिल्टरमध्ये एकाच क्लिकमध्ये काम, 2 स्टॉपचा सॉफ्ट (काळपटपणा हळूहळू फिका होत जाणारा) पुरतो, कारण पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा साधारण 1-2 स्टॉपच काळं असतं. फक्त लेन्सवर फिरवून बसवायचा स्क्रूवाला घेऊ नको! मी घेतला होता, त्याची काळपट-स्वच्छ भागांमधली रेघ कायम मधोमध, म्हणून क्षितिजही मधोमध ठेवावं लागायचं, सगळी फ्रेम बोअर. चौकोनी वर-खाली सरकतो, मग क्षितिज वर नेऊन पुढ्यातल्या दगडांना जागा देता येते. मात्र क्षितिजावर झाड किंवा डोंगर आला की त्याचा शेंडा काळा पडतो.

तर मोकळं पाणी, वारा, पक्षी असतील तर चौकोनी फिल्टर. डोंगर-झाडं मध्ये येत असतील, पाणी शांत असेल किंवा खिसा रिकामा असेल तर ब्रॅकेटिंग. भाच्याला सध्या ट्रायपॉडच घ्यायला सांगितलाय.